कोरड्या खोऱ्यांतील चुनखडीयुक्त पोयटा माती : ओळख आणि वर्गीकरण कसे करावे

गोव्यात मातीचा अभ्यास करणाऱ्याचा हात तांबड्या, आम्लधर्मी मातीवर बसलेला असतो. सत्तरी-सांग्यातील जांभ्यावरची माती, कुळागरातला काळपट गाळ, खाजनातला खारट चिखल, सखल भागातली रेताड खेर आणि उंचावरची मरड, एवढ्या परिघात चुन्याचा प्रश्न एकाच बाजूने पडतो: तो कमी आहे, तर किती घालावा? चोर्ला घाट ओलांडून बेळगाव, चिकोडीमार्गे अथणी, जत, आटपाडीच्या बाजूला उतरले की हाच प्रश्न उलटा होतो. तेथे चुना मातीतच ठासून भरलेला असतो आणि गोव्यातल्या सवयीने घेतलेले निर्णय तेथे अंगावर येतात. घाटापलीकडे जमीन पाहणारे, तिकडच्या सोयऱ्यांच्या शेतीत वाटा असलेले आणि कृषी किंवा भूशास्त्राच्या अभ्यासासाठी तिकडे जाणारे गोमंतकीय वाचक डोळ्यांपुढे ठेवून ही कृती लिहिली आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. चुना असलेली माती आम्लाने फसफसते, पण आम्लाचा थेंब टाकला आणि माती फसफसली, एवढ्याने जमिनीचा वर्ग ठरत नाही. चुना किती आहे हे पाहावे लागते, तो किती खोलीवर सुरू होतो हेही पाहावे लागते, आणि तो त्याच जागी साचलेला आहे की वरच्या उतारावरून वाहून आलेला आहे, हे तर सर्वांत आधी पाहावे लागते. पृष्ठभागावरची मूठभर माती यांपैकी कशाचेही उत्तर देत नाही. त्यामुळे खड्डा खणण्याला पर्याय नाही.

चुना टिकतो कोठे आणि का

गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यात, सत्तरीच्या डोंगराळ भागात, दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट आहे. जत-आटपाडीच्या जमिनीखालीही तोच खडक आहे. तरीही एकीकडे त्याचा जांभा झाला आणि दुसरीकडे चुनखडीची जमीन झाली, कारण खडक एकच असला तरी पाऊस एक नाही. गोव्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माण, अग्रणी यांसारख्या नद्यांच्या खोऱ्यांत तो साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर असतो आणि त्यातला बराचसा सप्टेंबरच्या आगेमागे येतो.

बेसाल्टमधील फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे कुजू लागली की त्यांतून कॅल्शियम सुटतो. मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो. तो पाण्यात विरघळतो आणि कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात त्या पाण्याबरोबर खाली जाऊ लागतो. गोव्यात हे पाणी थांबतच नाही. ते कॅल्शियमसकट ओढ्याला मिळते आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात. कोरड्या खोऱ्यात मात्र पाणी हातभर, फार तर मीटरभर उतरते, मुळे ते ओढून घेतात, वायू निसटतो आणि विरघळलेला चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, जागच्या जागी बाहेर पडतो. पावसाळ्यामागून पावसाळे हेच चालत राहिले की त्या खोलीवर चुन्याचा थर तयार होतो. पाऊस जितका कमी तितका हा थर वर, हा संबंध हान्स जेनी यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतील मैदानी प्रदेशात मोजून दाखवला, आणि चोर्ल्याहून पूर्वेकडे जाताना दर काही मैलांवर खड्डा पाहत गेल्यास तोच क्रम आपल्यालाही दिसतो.

एकाच शेतातही हा थर सारख्या खोलीवर नसतो. खोलगट जागी पाणी साठून अधिक मुरते, त्यामुळे तेथे चुना खाली असतो. उंचवट्यावरची वरची माती धुपून गेलेली असते, त्यामुळे तेथे तो नांगराच्या फाळाला लागतो. नांगरट झालेल्या रानात दुरूनही पांढुरके ठिपके दिसतात ते याच उंचवट्यांचे असतात. असे ठिपके दिसले तर त्यांना संपूर्ण शेताचा नमुना मानू नये, पण त्यांची जागा नोंदवून ठेवावी.

खड्ड्याची जागा आणि मोजमाप

कोरड्या खोऱ्याचा आडवा छेद मनात उभा करावा. माथ्यावर मुरमाड, वीतभर खोलीची बरड जमीन असते. उतारावर मध्यम खोलीची माती, पायथ्याशी उतरंडीवरून आलेला गाळ, त्यानंतर नदीची जुनी धक्की (पात्रापेक्षा उंच, पायरीसारखा सपाट काठ) आणि शेवटी सध्याच्या पात्राकाठची मळईची जमीन. पोयटा माती प्रामुख्याने पायथ्याच्या गाळपंख्यावर आणि जुन्या धक्कीवर सापडते, कारण वाहत्या पाण्याने तेथे वाळू, गाळ आणि चिकण यांचे मिश्रण टाकलेले असते. पात्रापासून दूरच्या सपाट, संथ भागात तीच माती चिकण होत जाते आणि भेगाळणारी काळी जमीन लागते. वर्गीकरण करताना ही सीमा ओलांडली आहे की नाही, हे आधी पायी फिरून पाहावे.

जागा ठरवताना विहिरीचा उपसा, जुना बांध, रस्त्याचा भराव, घराचा पडका पाया आणि खताचा उकिरडा टाळावा. जुन्या भिंतीचा चुना मातीत मिसळलेला असेल तर आम्लाची चाचणी सरळ फसवते. सावलीच्या बाजूने उतरता येईल आणि पाहणीच्या बाजूवर ऊन पडेल असा साधारण मीटरभर रुंद आणि दीड मीटर खोल खड्डा घ्यावा. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने सोयीचे, कारण तेव्हा बाजू ढासळत नाही आणि वरचे थर कोरडे असले तरी खालच्या थरांत थोडा ओलावा असतो.

खड्ड्याची बाजू फावड्याने घासलेली असते, त्यामुळे थर एकमेकांवर माखलेले दिसतात. सुरीच्या टोकाने वरून खाली माती उचकटत यावे, घासू नये. मग रंग, ढेकळांची ठेवण, मुळांची दाटी आणि सुरीला होणारा विरोध यांवरून थरांच्या सीमा आखाव्यात आणि प्रत्येक सीमेची खोली सेंटिमीटरमध्ये लिहावी. रंग मुन्सेलच्या रंगपुस्तिकेवरून, कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही अवस्थांत नोंदवावा. जांभ्याच्या मातीचे पान साधारणपणे २.५ वायआर किंवा ५ वायआर असते (वायआर म्हणजे पिवळट-तांबडी छटा; आकडा वाढेल तसा रंग पिवळ्याकडे झुकतो). चुनखडीच्या पोयट्याला बहुधा १० वायआरचे पान उघडावे लागते, आणि चुन्याच्या थरात कोरडा रंग ओल्या रंगापेक्षा बराच फिकट दिसतो.

आम्लाची चाचणी नीट कशी करावी

एक भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण दहा भाग पाण्यात मिसळावे. आम्ल पाण्यात ओतावे. पाणी आम्लात कधीही ओतू नये. चष्मा आणि हातमोजे घालावेत आणि द्रावण थेंबाथेंबाने पडेल अशा प्लास्टिकच्या बाटलीत भरावे. व्हिनेगर किंवा लिंबूरसाने घरगुती कुतूहल भागते, वर्गीकरणासाठी ते उपयोगाचे नाही, कारण त्यांचा जोर कमी असतो आणि नोंदींची तुलना करता येत नाही.

मुख्य काळजी पुढची आहे. कोरड्या मातीच्या ढेकळावर कोणताही द्रव टाकला तरी रंध्रांतली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते, आणि नवखा माणूस तीच चुन्याची खूण समजतो. म्हणून चाचणीआधी तो भाग साध्या पाण्याने भिजवून घ्यावा, बुडबुडे थांबू द्यावेत आणि मगच आम्लाचा थेंब टाकावा. ढेकूळ कानाजवळ धरावे. थोडा चुना असला तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण बारीक चुरचुर ऐकू येते. चाचणी प्रत्येक थरात किमान दोन ठिकाणी करावी: एकदा सरसकट मातीवर आणि एकदा पांढऱ्या खड्यावर किंवा ठिपक्यावर. या दोन नोंदी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर पुढचे निदान होत नाही. खडा फसफसतो आणि भोवतालची माती गप्प राहते, ही एक स्थिती; माती आणि खडा दोन्ही फसफसतात, ही अगदी वेगळी स्थिती.

फसफसण्याची श्रेणी लावण्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या पाहणी-पद्धतीतील पाच पायऱ्या पुरतात. काहीच न झाल्यास चुना नाही. फक्त ऐकू आल्यास २ टक्क्यांपर्यंत, बुडबुडे डोळ्यांना दिसल्यास २ ते १०, बुडबुड्यांचा पातळ फेस जमल्यास १० ते २५, आणि तत्काळ जाड फेस उसळल्यास २५ टक्क्यांहून अधिक कॅल्शियम कार्बोनेट धरतात. हे आकडे अंदाजाचेच समजावेत. माती बारीक चुरडली की पृष्ठफळ वाढून फेस अधिक येतो, आणि कार्बोनेट डोलोमाइटच्या रूपात असेल तर थंड आम्लात ते फार सावकाश विरघळते.

हात बसावा म्हणून निघण्याआधी गोव्यातच सराव करून घ्यावा. जांभ्याच्या मातीवर आम्ल टाकल्यास काही होत नाही. मिरामार किंवा कोलव्याच्या किनाऱ्यावरील वाळूत तिसऱ्या आणि खुब्यांच्या शिंपल्यांचा चुरा असतो. त्यावर टाकल्यास फेस येतो. मात्र या शिंपल्यांच्या वाळूतला चुना समुद्राने आणून टाकलेला आहे, मातीने घडवलेला नाही, आणि नेमका हाच भेद खोऱ्यातल्या खड्ड्यात करायचा असतो.

चुन्याचे रूप वाचणे

जागीच साचलेला चुना आणि वाहून आलेला चुना यांतला फरक वाचता आला की अर्धे वर्गीकरण झाले, असे मी मानतो. जागी साचलेला चुना आधी मुळांच्या जुन्या वाटांत आणि बारीक रंध्रांत पांढऱ्या धाग्यांच्या रूपाने दिसतो. पुढे ढेकळांच्या पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरतो, दगडगोट्यांच्या खालच्या बाजूला साचतो, आणि मग नखाने पीठ भुरभुरावे तसे सुटणारे मऊ पुंजके तयार होतात. या पुंजक्यांची कड भोवतालच्या मातीत हळूहळू विरत जाते. पुंजका मधोमध कापून भिंगाखाली धरल्यास पांढरा भाग संपतो कोठे आणि माती सुरू होते कोठे, हे बोट ठेवून दाखवता येत नाही.

वाहून आलेला खडा वेगळा असतो. तो कठीण असतो, कडा गोलावलेल्या असतात, मातीतून अख्खा निघतो आणि त्याची खाच मागे स्वच्छ राहते. अशा खड्यांबरोबर बहुधा इतरही गोटे आणि वाळूच्या पट्ट्या त्याच थरात असतात. डोंगरावरच्या जुन्या चुनखडीच्या थराचे तुकडे ओढ्याने खाली आणून टाकले, इतकाच त्याचा अर्थ. अशा थरात चुन्याची टक्केवारी भरपूर निघाली तरी ते आजच्या मातीच्या घडणीचे लक्षण ठरत नाही.

काही ठिकाणी चुना सिमेंटसारखा घट्ट बसून फरशी तयार होते. कुदळ खणकते आणि मुळे आडवी वळतात. असा थर नुसता कोरडा असल्याने कठीण आहे की खरोखर सांधला गेला आहे, हे पाहण्यासाठी त्याचा सुका तुकडा रात्रभर पाण्यात ठेवावा. पाण्यात भिजून विस्कटला तर तो सांधलेला नाही. पाण्यात टिकला आणि आम्लात विरघळला तर सांधा चुन्याचा आहे.

पांढरे दिसते ते सगळे चुना नसते, हेही ध्यानात असू द्यावे. जिप्समचे स्फटिक आम्लात फसफसत नाहीत. पृष्ठभागावरची पांढरी खारवट साय पाण्यात विरघळते. या दोन्ही गोष्टी कोरड्या खोऱ्यात चुन्याच्या शेजारीच सापडतात.

पोत : पोयटा कशाला म्हणावे

पोयटा म्हणजे ७ ते २७ टक्के चिकण, २८ ते ५० टक्के गाळ आणि ५२ टक्क्यांपर्यंत वाळू असलेली माती. चिकण २७ टक्क्यांच्या वर गेली की ती चिकण-पोयटा होते. हाताने पाहायचे तर मूठभर मातीतले खडे काढून टाकावेत, ती पाण्याने कणकेइतकी मळावी आणि अंगठा व तर्जनी यांमधून तिची पट्टी पुढे सरकवावी. अडीच सेंटिमीटर होण्याआधीच पट्टी तुटली तर पोयटा, अडीच ते पाचच्या दरम्यान तुटली तर चिकण-पोयटा, त्यापुढे चिकण.

चुनखडीच्या मातीत ही चाचणी थोडी चकवते. बारीक चुन्याचे कण बोटांना गाळासारखे गुळगुळीत लागतात, त्यामुळे गाळ अधिक वाटतो. प्रयोगशाळेतही चिकणाच्या आकाराचे चुन्याचे कण चिकणातच मोजले जातात. अमेरिकी मृदा वर्गीकरण पद्धतीत कुळाचा (गण, महागट यांखालच्या पातळीचा) कणवर्ग ठरवताना मात्र हे चुन्याचे कण गाळात धरतात. अहवालात चिकण ३६ टक्के आली आणि त्यातला पाचवा हिस्सा चुना निघाला, तर खरी चिकण २९ टक्क्यांच्या आसपास उरते आणि ३५ टक्क्यांची सीमा ओलांडून माती एका कणवर्गातून दुसऱ्या कणवर्गात जाते. नमुना देताना कार्बोनेट काढून आणि न काढता असे दोन्ही आकडे मागणे म्हणूनच सोयीचे.

प्रयोगशाळेकडून काय मागावे

प्रत्येक थरातून साधारण किलोभर माती वेगळ्या कापडी पिशवीत घ्यावी, आत आणि बाहेर अशा दोन चिठ्ठ्या ठेवाव्यात आणि सावलीत वाळवावी. २ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेले चुन्याचे खडे फेकू नयेत. त्यांचे वजन वेगळे नोंदवावे, कारण चाचण्या चाळणीखालच्या मातीवर होतात आणि फेकलेल्या खड्यांतला चुना हिशेबातूनच निघून जातो.

गोव्यातील प्रयोगशाळेत नमुना द्यायचा असेल तर तो चुनखडीच्या जमिनीचा आहे, हे अर्जावर ठळक लिहावे. आम्लधर्मी मातीतला उपलब्ध स्फुरद ब्रे पद्धतीने काढतात. त्या पद्धतीतले आम्ल चुन्यावरच खर्ची पडते आणि आलेला आकडा निरुपयोगी ठरतो. येथे ओल्सेन पद्धत हवी, जिच्यात ८.५ सामूचे (पीएचचे) सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण वापरतात. लोह, जस्त, मँगनीज आणि तांब्यासाठी डीटीपीए पद्धत मागावी. वर्गीकरणासाठी प्रत्येक थराचा सामू, विद्युत वाहकता, कॅल्शियम कार्बोनेट, सेंद्रिय कर्ब, कणविभागणी, धन आयन विनिमय क्षमता (कॅल्शियम, सोडियम यांसारखे आयन धरून ठेवण्याची मातीची ताकद) आणि विनिमययोग्य सोडियम (त्या जागांतला सोडियमचा वाटा) एवढे आकडे लागतात.

कॅल्शियम कार्बोनेट कॅल्सिमीटरने म्हणजे सुटलेल्या वायूच्या घनफळावरून काढतात. एक ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमधून ०.४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे अहवालातील आकडा पडताळणे कठीण नाही. सामू हाही चांगला साक्षीदार आहे. मोकळा चुना असलेल्या मातीचा सामू हवेशी समतोलात साधारण ८.२ ते ८.४ च्या दरम्यान स्थिरावतो. तो ८.५ च्या बराच वर गेला तर त्यामागे चुना नाही, सोडियम आहे. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर निघाल्यास जमीन चोपण आहे असे समजून वेगळ्या वाटेने जावे. विद्युत वाहकता संपृक्त अर्कात (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्यात) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर ती क्षारपड.

वर्ग ठरवण्याची वाट

आता एक कल्पित खड्डा घेऊ आणि अमेरिकी मृदा वर्गीकरण पद्धतीने, म्हणजे गण, उपगण, महागट, उपगट आणि कुळ अशा उतरत्या क्रमाने, त्याचा वर्ग पायरी-पायरीने ठरवू. जुन्या धक्कीवर, एक-दोन टक्के उताराच्या जमिनीत ० ते १८ सेंटिमीटर नांगरट थर आहे. चिकण २२ टक्के, बुडबुडे दिसतात, चुना ६ टक्के. १८ ते ४५ पर्यंत तपकिरी, ढेकळांची ठेवण स्पष्ट असलेला थर, चिकण २४ टक्के, चुना ९ टक्के, मुळांच्या वाटांत पांढरे धागे. ४५ ते ८५ पर्यंत फिकट थर, मऊ पुंजके भरपूर, कडा विरलेल्या, चुना २२ टक्के. ८५ च्या खाली वाळूमिश्रित गाळ, चुना ९ टक्के.

पहिली पायरी ओलाव्याची. राजस्थानच्या पश्चिमेला किंवा कच्छमध्ये असा खड्डा असता तर माती वर्षाच्या निम्म्याहून अधिक काळ पूर्ण कोरडी राहिली असती आणि ती ॲरिडिसॉल या कोरड्या प्रदेशांतील मातींच्या गणात, तेथील कॅल्सिड उपगणात गेली असती. माण किंवा अग्रणीच्या खोऱ्यात मात्र पावसाळ्यात माती सलग काही महिने ओली राहते, म्हणून ओलावा-प्रकार उस्टिक (मर्यादित, पण पिकाच्या हंगामात मिळणारा ओलावा) ठरतो. कोरडे म्हटले की ॲरिडिसॉल लिहून मोकळे होणे, ही या विषयातली सर्वांत सामान्य घाई आहे.

दुसरी पायरी चुन्याच्या थराची. कॅल्सिक म्हणजे जागी चुना साचलेला थर ठरण्यासाठी तो किमान १५ सेंटिमीटर जाड हवा, त्यात कॅल्शियम कार्बोनेट किमान १५ टक्के हवे, आणि ते खालच्या थरापेक्षा किमान ५ टक्क्यांनी अधिक हवे किंवा जागी साचलेला चुना घनफळाच्या किमान ५ टक्के दिसायला हवा. शिवाय तो सांधलेला नसावा. आपला थर ४० सेंटिमीटर जाड आहे, २२ टक्के चुना आहे आणि खालच्यापेक्षा १३ टक्क्यांनी अधिक आहे. अटी पूर्ण झाल्या. ८५ च्या खालीही २२ टक्केच चुना असता आणि पुंजक्यांऐवजी नुसते गोलावलेले खडे असते, तर हाच २२ चा आकडा असूनही तो कॅल्सिक थर ठरला नसता.

तिसरी पायरी गण आणि महागटाची. चिकण ३० टक्क्यांच्या आत आहे आणि घर्षणाने चकाकणारे पृष्ठ नाहीत, म्हणून व्हर्टिसॉल, म्हणजे भेगाळणारी चिकण जमीन, नाही. थरांची घडण झालेली आहे, म्हणून एन्टिसॉल, म्हणजे थर न घडलेली कोवळी माती, नाही. गण इन्सेप्टिसॉल (थरांची घडण सुरू झालेली माती), उपगण उस्टेप्ट (त्यातली उस्टिक ओलाव्याची). कॅल्सिक थर १०० सेंटिमीटरच्या आत सुरू होतो आणि त्याच्या वरची सगळी माती फसफसते, म्हणून महागट कॅल्सिउस्टेप्ट. येथे वरची माती फसफसणे हीच अट निर्णायक असते. वरचे १८ सेंटिमीटर मिसळून पाहिल्यावरही काही भागात चुना नसेल, तर खाली कॅल्सिक थर असूनही माती हॅप्लुस्टेप्ट या महागटात जाते आणि तिच्या उपगटाच्या नावात कॅल्सिक हे विशेषण येते. थोड्या अधिक पावसाच्या चिकोडीकडच्या भागात हा भेद प्रत्यक्ष कामी येतो.

चौथी पायरी कुळाची. २५ ते १०० सेंटिमीटरच्या पट्ट्यात चिकण १८ ते ३५ टक्के आणि बारीक वाळू किंवा त्याहून जाड कण किमान १५ टक्के असल्यास कणवर्ग सूक्ष्म-पोयटा. चिकण १८ च्या खाली असल्यास स्थूल-पोयटा. खनिज-वर्ग बहुधा मिश्र. कार्बोनेट ४० टक्क्यांच्या वर गेल्यासच कार्बोनेटिक. विनिमय क्षमता भागिले चिकण हे गुणोत्तर ०.६० किंवा अधिक असेल तर अतिक्रियाशील हा शब्द जोडतात. बेसाल्टच्या मातीत हे सहज घडते, तर जांभ्याच्या केओलिनाइटी मातीत हेच गुणोत्तर अनेकदा ०.२४ च्याही खाली जाते. शेवटी तापमान: वार्षिक सरासरी मृदा-तापमान २२ अंशांवर आणि उन्हाळा-हिवाळ्यातील फरक ६ अंशांहून कमी असल्यास आयसोहायपरथर्मिक. पूर्ण नाव झाले: सूक्ष्म-पोयटा, मिश्र, अतिक्रियाशील, आयसोहायपरथर्मिक, टिपिक कॅल्सिउस्टेप्ट, ओलाव्याच्या नोंदी कोरडेपणाकडे झुकत असतील तर टिपिकच्या जागी ॲरिडिक. जागतिक मृदा संदर्भ पद्धतीत हीच माती कॅल्सिसॉल, आणि पोतासाठी लोमिक हे विशेषण.

हा खड्डा जुन्या धक्कीऐवजी आजच्या पात्राकाठी असता तर निकाल बदलला असता. तेथे पुराचे पातळ पातळ थर एकमेकांवर बसलेले असतात, सेंद्रिय कर्ब खोलीबरोबर सरळ कमी न होता वरखाली होतो, आणि चुना सगळीकडे थोडाथोडा विखुरलेला असतो. ती माती उस्टिफ्लुव्हेंट (पुराच्या गाळाची, थर न घडलेली माती) ठरते, आणि २५ ते ५० सेंटिमीटरचा पट्टा सर्वत्र फसफसत असल्यास कुळाच्या नावात चुनखडीयुक्त हा शब्द येतो. कॅल्सिउस्टेप्टच्या नावात तो पुन्हा लिहीत नाहीत, कारण महागटातच ते सांगून झालेले असते. चुन्याची फरशी लागल्यास पेट्रोकॅल्सिक उपगट तपासावा.

वर्गावरून शेताविषयी काय ठरते

कॅल्सिक थर ४५ सेंटिमीटरवर आहे म्हणजे मुळांना मोकळी माती तेवढीच आहे. ज्वारी, हरभरा, बोर आणि सीताफळ एवढ्यात भागवून घेतात. डाळिंबालाही ही जमीन मानवते, पण पुंजके दाट असतील तर कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. हा लोहाचा तुटवडा आहे. मातीत लोह असते, पण त्या सामूला ते मुळांना मिळत नाही. हिराकस (लोहाचे सल्फेट) जमिनीत टाकल्यास थोड्याच दिवसांत तेही अडकून बसते. ईडीडीएचए प्रकारचे चिलेट (लोहाला धरून ठेवणारे संयुग) या सामूला टिकते, ईडीटीए टिकत नाही. काजू, अननस ही गोव्याची ओळखीची पिके येथे लावू नयेत, आणि गोव्यातल्या सवयीने चुना तर मुळीच घालू नये. फळबागेचे खड्डे खणताना खालच्या थरातली पांढरी माती वेगळ्या ढिगात ठेवावी आणि खड्डा भरताना ती न वापरता वरची माती व शेणखत भरावे.

नोंदवहीत वर्गाच्या नावाशेजारी चार आकडे कायम लिहावेत: फसफसणे सुरू होण्याची खोली, कॅल्सिक थराची वरची कड, त्याची जाडी आणि त्यातील चुन्याची टक्केवारी. वर्गीकरणाच्या आवृत्त्या बदलल्या की नाव बदलू शकते, म्हणून हे आकडे नावापेक्षा जपावेत. नमुन्याच्या पिशव्या गोव्यात आणल्यावर पावसाळ्यात त्या ओल धरतात. घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरून, प्रत्येक बरणीवर खड्ड्याची जागा, थराची खोली आणि तारीख लिहून त्या कोरड्या कपाटात ठेवाव्यात.